पाचशे चौदा

आकडा तोच होता, फक्त त्याचा रंग गेला होता. जुलैतल्या एका मंगळवारी सकाळची सगळी रक्तं काढून झाल्यावर नेलिया हॉस्पिटलच्या तळघरात, सामानाच्या खोलीत, जुन्या ट्यूब निवडत बसली होती. मधेच सवयीने तिने फोनवर आपल्या अर्जाचं पान उघडलं. जूनमध्ये मेडिकल कॉलेजला अर्ज गेल्यापासून हे पान ती दिवसातून दहादा तरी उघडायची. त्यात बदलत काहीच नसे, पण उघडलं नाही तर हाताला चैन पडत नसे. रोज काळाभोर, ठसठशीत दिसणारा ५१४ आज करडा होता. त्याच्यापुढे दोनच शब्द होते : मुदत संपली. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की सप्टेंबरअखेरपर्यंत प्रवेशपरीक्षा पुन्हा द्यावी, नाहीतर अर्ज अपुरा समजला जाईल. तिच्या दुसऱ्या हातात जांभळ्या टोपणाची एक ट्यूब होती. तिचीही मुदत मागच्या महिन्यात संपलेली. अशी ट्यूब दिसायला नव्यासारखीच असते, काच स्वच्छ, टोपण घट्ट. पण रक्त ओढणारी आतली निर्वात पोकळी विरून गेलेली असते. सुई नीट शिरेत जाते, आणि ट्यूब रक्त ओढतच नाही. हे फक्त टोचल्यावर कळतं, म्हणून आधीच निवडून फेकायच्या. तिने ती ट्यूब डब्यात टाकली, दुसरी उचलली, तारीख वाचली आणि काय वाचलं ते लगेच विसरली.

चूक मोजण्यातली होती, आणि अगदी बावळटासारखी होती. निकाल तीन वर्षं चालतो हे तिला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात परीक्षा दिली, यंदा जूनमध्ये अर्ज केला, म्हणजे पावणेतीन वर्षं झाली, म्हणजे बसतंय. बोटांवर मोजलं होतं, कॅलेंडरवर मोजलं होतं, एकदा तर स्वप्नातही मोजलं होतं. पण कॉलेज अर्जाच्या दिवसापर्यंत मोजत नव्हतं. ते पुढच्या ऑगस्टात वर्ग सुरू होतील त्या दिवसापासून मागे मोजत येत होतं. नियमात तसं स्पष्ट लिहिलेलं होतं आणि नेलियाने तो नियम वाचलेलाही होता. दरवर्षी पुन्हा अर्ज करणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी या खड्ड्यात पडतंच, त्यांच्या इंटरनेटवरच्या गप्पांत हे किस्से चवीने सांगितले जातात. तिनेही ते वाचून हळहळ व्यक्त केलेली होती, इतकं कसं कळत नाही बाई लोकांना, म्हणून.

पाचशे चौदा हा तिचा आकडा होता. तिच्या उंचीपेक्षा, वयापेक्षा, नावापेक्षाही तिचा. पाचशे अठ्ठावीसपैकी पाचशे चौदा. परीक्षाच अशी चमत्कारिक की कोरा पेपर देऊन आलं तरी चारशे बहात्तर मिळतात, त्यामुळे बाहेरच्या माणसाला या आकड्याचा थांग लागत नाही. तिच्या मादरीन्यालाही तो लागला नव्हता. मादरीन्या म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी जिने तिला मांडीवर घेतलं ती लूर्देस, बेकरीवाली. आईबाप गिरणीतून निवृत्त होऊन अझोरच्या बेटावर, आपल्या पोर्तुगीज मायदेशी, परत गेले, तेव्हापासून नेलिया बेकरीच्या वर, त्या लाकडी घराच्या तिसऱ्या मजल्यावर राहत होती. निकाल लागला त्या दिवशी ती पायऱ्या उतरत ओरडत आली होती, "पाचशे चौदा! मादरीन्या, पाचशे चौदा!" दुकानात गोड पावासाठी रांग लागलेली. लूर्देसने पिठाचे हात वर धरून विचारलं, "हजारातले?" नेलिया म्हणाली, "नाही, पाचशे अठ्ठावीसातले." त्यावर लूर्देसने रांगेकडे वळून जाहीर केलं, "बघा! चौदाच कमी पडले पोरीला!" आणि फळ्यावर, पावाच्या भावाखाली, खडूने ५१४ असं लिहून ठेवलं. चार दिवस गिऱ्हाइकं विचारत होती, हा कुठला पाव, इतका महाग कसा. त्या दिवसापासून लूर्देस रोजच्या तीन आकडी लॉटरीत पाच-एक-चार लावते. एकदा तो लागलाही. त्या दिवसापासून तर आकड्याबद्दल तिच्या मनात शंकाच उरली नाही. आणि निकालाच्या दिवसापासूनच गल्लीत सगळे नेलियाला दोतोरा म्हणू लागले, डॉक्टरीणबाई. आधी थट्टेने, मग सवयीने. आता तीन वर्षांनी त्यात थट्टा किती आणि सवय किती हे तिला कळत नव्हतं. कुणी दोतोरा म्हटलं की ती हसायची आणि विषय बदलायची.

खरं तर डॉक्टरीणबाई व्हायला फक्त एक पाऊल उरलं होतं, असंही ती स्वतःला सांगायची. पहिल्या अर्जाच्या वेळी मुलाखत झाली, चांगली झाली, आणि मग कॉलेजने तिला वेटिंग लिस्टवर ठेवलं. एप्रिल, मे, जून, जुलै. फोन उशाशी, फोन न्हाणीघरात, फोन एप्रनच्या खिशात. रक्त काढताना फोन थरथरला तर हात थरथरू नये म्हणून ती दात आवळायची, आणि उन्हाळा संपेपर्यंत तिचा जबडा कायमचा दुखायला लागला. दरम्यान नव्या वर्षाचे अर्ज सुरू झाले होते. भरायला हवा होता. सगळे शहाणे भरतात, एकीकडे वाट बघतात आणि एकीकडे भरतात. तिने भरला नाही. भरला तर या वर्षीचं झालं नाही असं आपणच कबूल केल्यासारखं होईल, असं काहीतरी तिच्या डोक्याने घेतलं होतं. लूर्देसही म्हणायची, "रांगेत नंबर जवळ आला की कुणी दुसऱ्या रांगेत जाऊन उभं राहतं का? अगं, नंबर जातो अशाने!" ऑगस्टात वर्ग सुरू झाले. त्या दिवशी पाच वाजेपर्यंत तिने फोन हातात धरून ठेवला होता. कॉलेजचं ऑफिस साडेचारलाच बंद होतं, हे तिला ठाऊक होतं. आणि ते वर्ष गेलं. आता वाटत होतं, तेव्हा अर्ज भरला असता तर आकडा जिवंत होता. वाट बघण्यात घालवलेलं ते वर्ष आकड्याच्याच आयुष्यातून गेलं होतं.

तिने हे कुणाला सांगितलं नाही. लूर्देसला तर नाहीच. "ओव्हरटाइम आहे," असं सांगून ती रोज दुपारी ड्यूटी संपली की गाडी नदीकाठी, मोठ्या पुलाच्या खाली नेऊन उभी करायची आणि स्टेअरिंगवर पुस्तक टेकवून वाचायची. वरून ट्रक जायचे, पूल गुरगुरायचा. जे कधीकाळी तोंडपाठ होतं ते सगळं ओळखीचं वाटत होतं आणि आठवत मात्र नव्हतं. वीस अमिनो आम्लांपैकी तिला सतरा आठवायची, आणि दर वेळी वेगळी तीन हरवायची. भिंगाचं सूत्र, दाबाचं सूत्र, समाजशास्त्राची ती जुळ्या बहिणींसारखी दिसणारी नावं. सराव परीक्षेत तिला पाचशे तीन आले. पुढच्या आठवड्यात पाचशे दोन. मग पाचशे सहा, आणि त्या सहाच्या आनंदात ती गाडीतच रडली, कारण सहाचा आनंद व्हावा इतपत आपण खाली आलो हे तिच्या लक्षात आलं. चोविसाव्या वर्षी दिवसाला दहा तास अभ्यास करणारी एक मुलगी होती, तिने कामावरून बिनपगारी रजा घेतलेली होती, तिची पाठ दुखत नव्हती. आकडा त्या मुलीचा होता. नेलिया तीन वर्षं तिच्याच जिवावर मिरवत होती, आणि आता कॉलेज म्हणत होतं, ती मुलगी नको, तुम्ही या.

सोखाला मात्र कळलं. सोखा रक्त काढायच्या खोलीत तिच्या शेजारच्या खुर्चीवर काम करायची. आईबाप कंबोडियातून आलेले, स्वतः याच गावात वाढलेली, जिभेला हाड नसलेली. एकदा नेलियाच्या पिशवीतून अभ्यासाच्या कार्डांचा गठ्ठा खाली पडला, तेव्हा तिने तो उचलून चाळला.

"ही तर त्या परीक्षेची कार्डं. तू दिलीयेस ना ती? तुझ्या मादरीन्याने तर गावभर दवंडी पिटलीय."

"संपली ती."

"संपली म्हणजे?"

"मुदत संपली. परत द्यायचीय."

सोखा फस्सकन हसली. "दह्यासारखी? अगं, मग इतकी वर्षं फ्रीजबाहेर ठेवलीस कशाला?" आणि नेलियाचा चेहरा बघून लगेच म्हणाली, "बरं बरं, सॉरी. कधी आहे? शनिवारची माझ्याशी ड्यूटी बदल. कुणाला सांगणार नाही, शप्पथ." आणि खरंच तिने कुणाला सांगितलं नाही, फक्त दर सकाळी दह्याचा एक डबा नेलियाच्या लॉकरमध्ये ठेवायला सुरुवात केली, तारखेवर लाल पेनने गोल करून. पहिले दोन दिवस नेलियाला राग आला, तिसऱ्या दिवसापासून ती तो खायला लागली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, सेन्योर अरुदा आले. कापडगिरणीत चाळीस वर्षं माग दुरुस्त केलेले, आता मूत्रपिंडाने दगा दिलेला. दर पंधरा दिवसांनी रक्त द्यावं लागायचं आणि त्यांच्या हाताला आता शिरा अशा उरल्याच नव्हत्या. होत्या त्या बोटाखालून सरकायच्या. ते नेलियाशिवाय कुणाच्या खुर्चीत बसत नसत. "दोतोराच्या हाताला डोळे आहेत," असं म्हणत त्यांनी बाही वर केली. नेलियाने पट्टा बांधला, बोटाने चाचपलं, कोपराच्या आतल्या बाजूला खोल कुठेतरी एक मऊ उसळी लागली. सुई घातली. काही नाही. जरा मागे घेतली, जरा वळवली. काही नाही. दुसऱ्या हाताला पट्टा. तिथे मनगटाच्या वरची शीर दिसत होती, अगदी निळी, आणि सुई टेकताच ती बाजूला झाली आणि कातडीखाली काळंनिळं पसरायला लागलं. दोन झाल्या. खोलीचा नियम होता, दोनदाच टोचायचं. दोनदा नाही मिळालं तर सुई खाली ठेवायची आणि दुसऱ्याला बोलवायचं, मग तो कालचा नवशिका का असेना. तिला शिकवणारी म्हातारी परिचारिका हे सांगताना बोट नाचवायची. तिसरी सुई पेशंटसाठी नसते पोरींनो, तुमच्या हट्टासाठी असते. नेलियाने चार वर्षांत हा नियम कधी मोडला नव्हता, कारण मोडायची वेळच फारशी आली नव्हती.

"घाल गं अजून एकदा," अरुदा म्हणाले. "मला काय होतंय? दोतोराची सुई आहे."

तिला घालायची होती. अगदी मनापासून घालायची होती. उद्याचं सगळं या तिसऱ्या सुईवर आहे असं तिला वाटायला लागलं होतं. ही लागली तर उद्या लागेल, नाहीतर नाही. तिच्या बोटांनी नवी सुई उचललीसुद्धा. मग तिची नजर म्हाताऱ्याच्या हातावर गेली. कातडी कागदासारखी, त्यावर आधीच्या पंधरवड्याचा पिवळट डाग, आणि आता हा नवा. त्या हातावर तिला आपली परीक्षा द्यायची होती. तिला स्वतःची शिसारी आली. "सोखा," ती म्हणाली, "जरा ये ना." सोखा आली, अरुदांशी हवापाण्याबद्दल बोलत बोलत तळहाताच्या मागची एक बारीकशी शीर तिने पहिल्या झटक्यात धरली. ट्यूब भरताना अरुदा नेलियाकडे बघून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस. माझाच माल जुना झालाय." नेलिया हसली आणि हातमोजे काढून मागच्या खोलीत जाऊन उभी राहिली. आपल्याही दोन झाल्या, ती मोजत होती. अगदी पहिल्यांदा परीक्षेला बसली तेव्हा शेवटच्या तासात घाबरून ती रद्द केली होती, ती एक. अर्ज फुकट गेला, ते दोन. मधला पाचशे चौदा कशात धरायचा ते तिला ठरवता येईना. आता उद्याची सुई कुणासाठी? ज्यांच्या शिरा सरकतात त्यांच्यासाठी, की गल्लीत दोतोरा म्हणवून घ्यायची सवय लागलेल्या एका बाईसाठी? बाहेर सहा माणसं बाह्या वर करून बसली होती.

शनिवारी ती उजाडायच्या आत निघाली. लूर्देसची भट्टी पेटलेली होतीच. "शनिवारी पण?" म्हणत तिने लसूण-मिरचीच्या सॉसेजचा एक गरम पाव कागदात गुंडाळून हातात ठेवला. "मरेपर्यंत राबवतात. डॉक्टर झालीस ना, की असल्या लोकांना पहिलं इंजेक्शन दे." नेलियाने पाव घेतला. खोटं बोलताना तिचे कान तापतात हे लूर्देसला माहीत होतं, म्हणून तिने टोपी कानांवर ओढली. परीक्षेचं केंद्र शेजारच्या राज्यात, हमरस्त्याकाठच्या एका बसक्या इमारतीत होतं. एका बाजूला दाताचा दवाखाना, दुसऱ्या बाजूला गालिच्याचं दुकान. आत एकवीस-बावीस वर्षांची पोरं भिंतीला टेकून बसलेली, एक मुलगी डबीतून बदाम मोजून खात होती. सगळ्यांचे चेहरे इतके धुतल्यासारखे ताजे की नेलियाला वाटलं, आता कुणीतरी येऊन आपल्याला विचारेल, ताई, तुम्ही कुणाला सोडायला आलात?

टेबलामागच्या बाईने खिसे उलटे करायला लावले, बाह्या वर करायला लावल्या, चष्मा काढून उजेडात धरून पाहिला, कानामागे पाहिलं. मग एक छोटं यंत्र पुढे सरकवलं. त्यावर तळहात ठेवायचा, यंत्र कातडीच्या आतल्या शिरा बघतं. नेलियाला ते आठवत होतं. मागच्या वेळी ती यावर खूश झाली होती, आपल्याच धंद्यातलं यंत्र म्हणून. तिने हात ठेवला. यंत्राने लगेच पीं केलं.

"तुम्ही येऊन गेलाय आधी," बाई पडद्यावर बघत म्हणाली. "हात ओळखला त्याने."

"तीन वर्षं झाली," नेलिया म्हणाली. "चालतो का अजून?"

"हात?" बाईने पहिल्यांदा मान वर केली. "हात कसा नाही चालणार? शिरा काय बदलतात का बाई." आणि लॉकरची किल्ली दिली. नेलियाने पाव लॉकरमध्ये ठेवला. लसणाचा वास आधीच बोटांना लागला होता, आणि दिवसभर तो तिच्याबरोबर राहिला.

मग सात तास. त्यातलं तिला पुढे फारसं आठवलं नाही, आणि आठवलं ते तुकड्यातुकड्यांनी. पहिल्याच उताऱ्यात नळीतून वाहणाऱ्या द्रवाचा प्रश्न होता. नळी अरुंद झाली की दाब किती वाढेल. सूत्र आठवेना, घड्याळ पडद्याच्या कोपऱ्यात उलटं पळत होतं. मग डोळ्यांसमोर अरुदांचा हात आला आणि ती सूत्राशिवायच विचार करायला लागली, शीर बारीक असेल तर काय होतं, कुठल्या जाडीची सुई घेतो आपण, का घेतो. उत्तर आलं. बरोबर आलं की नाही कोण जाणे, पण आलं. जेवणाच्या सुट्टीत तिने पाव खाल्ला, भिंतीकडे तोंड करून, आणि लूर्देसला फसवून लूर्देसचाच पाव खातोय म्हणून अर्ध्यावरच थांबली. बदामवाली मुलगी शेजारी बसून रडत होती, आवाज न करता. नेलियाने तिला अर्धा पाव दिला. ती म्हणाली, "मी मांस खात नाही," आणि रडता रडता हसली. तिसऱ्या भागात नेलियाच्या डोळ्यांपुढे ओळी पोहायला लागल्या. चौथ्यात तिला एक विचित्र शांतपणा आला, म्हणजे आपण खड्ड्यात चाललोय हे स्पष्ट दिसत असताना येतो तसा. किती चुकलं याचा तिचा अंदाज नेहमी बरोबर यायचा. हे पाचशे सात होतं. फार तर आठ. चौदा नव्हते, हे नक्की.

आणि मग तो पडदा आला. ही परीक्षा संपली की विचारते, तुमचा पेपर तपासायचा, की रद्द करायचा? दोन गोल, एकावर टिचकी मारायची. वेळ पाच मिनिटं. रद्द केला तर कुणाला काही कळत नाही, कॉलेजलाही नाही, तुम्ही इथे आलाच नव्हतात. तपासायचा म्हटलं तर येईल तो आकडा जन्मभर चिकटतो. चार मिनिटं पन्नास सेकंद. नेलिया रद्दच्या गोलाकडे बघत बसली. रद्द केला तर यंदाचा अर्ज गेला, पण पाचशे चौदा तसाच राहील. करडा का होईना, शेवटचा आकडा तोच. गल्लीत दोतोरा, फळ्यावर पाच-एक-चार. कुणी विचारलं तर सांगता येईल, गुण होते हो चांगले, पण नशीब. ते किती सोपं होतं, आणि किती वर्षं पुरलं असतं! तिला एकदम कळलं की तीन वर्षं ती कॉलेजात जायची वाट बघत नव्हती, ती आकडा सांभाळत बसली होती. तीन मिनिटं दहा सेकंद. तपासला तर पाचशे सात येईल, कॉलेज दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवेल, आणि म्हणेल, ही बाई उतरणीला लागलीय. म्हणेल, किंवा म्हणणार नाही. पाचशे सातवर माणसं आत गेलेली आहेत, गेली नाहीत असं नाही. पण रद्दवर कुणी गेलेलं नाही. इथे सोखाला हाक मारता येत नव्हती, हात तिचाच होता आणि सुईही तिचीच. काल ती सुई खाली ठेवू शकली कारण तो हात दुसऱ्याचा होता, दुखणार दुसऱ्याला होतं. इथे काळंनिळं होणार होतं ते तिचं स्वतःचं. एवढंच ना, तिला वाटलं. एवढ्यासाठी मी घाबरतेय? एक मिनिट चाळीस सेकंद. तिने तपासायच्या गोलावर टिचकी मारली. यंत्र म्हणालं, खात्री आहे का? खात्री नव्हती. तिने हो म्हटलं.

बाहेर पडताना पुन्हा तळहात ठेवावा लागला. यंत्राने पुन्हा पीं केलं.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला ती बेकरीत शिरली. दुकान बंद व्हायची वेळ, लूर्देस एकटीच होती, फळीवरचे उरलेले पाव पिशवीत भरत होती. नेलियाने टोपी काढली. तिचे कान लालबुंद झाले होते.

"मादरीन्या, मी आज ड्यूटीला नव्हते."

"माहितेय," लूर्देस म्हणाली. "दुपारी अरुदा येऊन गेला. तुला दह्याचा डबा द्यायला सोखाही आली होती. तू कामावर नाहीस हे तिच्या तोंडून निसटलं, मग ते सावरायला दोघांनी दोन वेगळ्या थापा मारल्या. मी म्हटलं, पोरगा बिरगा असेल."

"पाचशे चौदा संपला."

"संपला म्हणजे?"

"तीन वर्षांनी संपतो तो. कॉलेज धरत नाही. मला जुलैपासून माहीत आहे. आज परत परीक्षा दिली, निकाल महिन्याने लागेल. आणि कमी येणार आहे." नेलियाचा आवाज फुटला, आणि इतके आठवडे दाताखाली धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "खूप कमी येईल, मादरीन्या. तेवढे आता मला येत नाहीत. तू सगळ्यांना सांगून ठेवलंयस, आणि मी तेवढी नाहीये."

लूर्देसने हातातली पिशवी खाली ठेवली. ती जवळ आली नाही, मिठीबिठी मारणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती फळ्याकडे बघत राहिली. तिथे पावाच्या भावाखाली तीन वर्षांत कितीदा तरी गिरवलेला तो आकडा होता. तिने एप्रनचा कोपरा थुंकीने ओला केला आणि तो पुसून टाकला. आपण एवढं रडत असताना ही तो इतक्या सहज पुसेल असं तिला वाटलं नव्हतं.

"कमी म्हणजे किती?" लूर्देसने विचारलं. "तीन आकडी तरी येईल ना?"

नेलियाला क्षणभर कळेना. मग रडता रडताच तिला हसू फुटलं, नाक वाहायला लागलं, तिने बाहीने पुसलं. "तीन आकडीच येतो," ती म्हणाली. "काहीही केलं तरी तीन आकडीच येतो."

"मग झालं तर," लूर्देस म्हणाली. तिने गल्ल्याशेजारचा खडू उचलून नेलियाच्या हातात दिला. "आला की तूच लिही. तोवर मी लॉटरीत लावत नाही काही."